पुस्तकाच्या पलीकडची जागा

बाई,

तुम्ही मला दिलेली पट्टी अजून माझ्याकडे आहे. जुन्या पोस्टकार्डाची, मधोमध कात्रीने छोटी चौकोनी खिडकी कापलेली. एका अंगाला कुणाच्या तरी हातचं 'बाकी सर्व क्षेम' एवढंच आता वाचता येतं, बाकीची शाई उडाली. कडा मऊ पडल्या म्हणून मी मागून खळीने जाड कागद चिकटवून घेतला आहे. माझ्या शाळेतल्या मुलांना वाटतं ती मीच केली. मी त्यांना तुमच्याबद्दल कधी सांगितलं नाही. आज तुम्हाला लिहायला बसले, तेव्हा वाटलं, निदान पट्टीपासून सुरुवात करावी, कारण पट्टीबद्दल मला काही लपवायचं नाही.

मी दुसरीत होते. देऊळगाव राजाची आपली मुलींची शाळा, पत्र्याची, दुपारी आत बसवत नसे. मला पुस्तक घडाघडा येत होतं. घरात मला अण्णा पाहुण्यांपुढे उभं करत आणि मी पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत पानं उलटत म्हणून दाखवत असे. पान कुठे उलटायचं तेही पाठ होतं. त्या दिवशी तुम्ही माझ्याजवळ बसलात, ही पट्टी ओळीवर ठेवलीत आणि खिडकीतून एकच शब्द दिसू लागला. त्याच्या मागचं नाही, पुढचं नाही. 'वाच,' म्हणालात. मला वाचता येईना. तुम्ही पट्टी सरकवलीत, दुसरा शब्द आला, तोही येईना. मग तुम्ही पट्टी उचलून घेतलीत आणि आवाज न चढवता म्हणालात, 'तू वाचत नाहीस. तू बोलतेस.' आणि शाळा सुटेपर्यंत मला दाराशी बसवलंत. छड्या खाल्लेल्या मुलींपेक्षा मला ते जास्त लागलं. घरी आले तर अण्णा दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होते. मी सांगितलं, बाई म्हणाल्या मला वाचता येत नाही. त्यांनी जुडीची गाठ दातांनी ओढली आणि म्हणाले, 'मग नसंल येत. बाई खोटं कशाला बोलतील?'

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन तुमच्या घरी आले, दाराशी वांगी ठेवली आणि म्हणाले, 'आमच्या घरात अक्षर ओळखणारं कोणी नाही बाई. हिला तुमच्यापुढं बसवत जा.' तेव्हापासून दोन वर्षं रोज शाळा सुटल्यावर मी तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसले. तुमचं सोवळं होतं, त्यामुळे मी उंबऱ्याच्या आत येण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेर मी, पुढे पाट, पाटावर पुस्तक. आत तुम्ही, चुलीपाशी, मांडीवर सूप. पुस्तकाचं तोंड माझ्याकडे असायचं. तुम्ही तांदूळ निवडता निवडता पलीकडून बघत असायचात आणि माझा एक काना चुकला तरी तिथून म्हणायचात, 'मागे ये.' धडा झाला की म्हणायचात, 'मीट ते पुस्तक. आता सांग, काय झालं त्याच्यात?' मला वाटायचं, सगळ्या बायांना असं उलट्या बाजूनं वाचता येत असेल. ती विद्या असेल. तुम्हाला ते सवयीने आलं होतं, आणि ती सवय लागली होती ती पुस्तकाची सरळ बाजू तुम्ही मला देऊन टाकली होती म्हणून, हे मला पंचवीस वर्षांची होईपर्यंत कळलं नाही.

चौथी पास झाले तेव्हा तुम्ही पट्टी माझ्या हातावर ठेवलीत. 'तुला आता लागणार नाही,' म्हणालात, 'पण तुझ्यापुढे कुणी बसेल तेव्हा लागेल.' माझ्यापुढे कुणी बसेल असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं. मी सहावीत असताना तुम्ही तीन दिवसांच्या तापात गेलात. शाळेला सुट्टी मिळाली. सुट्टी का, हे कळायच्या आधी आम्ही मुली आनंदाने उड्या मारत घरी निघालो होतो, ते मला अजून आठवतं.

मी बी. ए. झाले. आमच्या घरात पहिलीच. मंडळी म्हणाली, आता बुलढाण्याला कचेरीत लाग नाहीतर हायस्कूलात. मी प्राथमिक शाळा मागून घेतली. नवीन राज्य झालं होतं, जिल्हा परिषदा नुकत्याच आल्या होत्या, आणि मला मनापासून वाटत होतं की आता प्रत्येक गावात एक तुमच्यासारखी बाई बसली की झालं. हसू नका. उंद्रीपासून अडीच कोसांवरचं गाव मिळालं. बस उंद्रीपर्यंत, पुढे पायी. एकाच मास्तराची शाळा, चार वर्ग, एक खोली आणि एक ओटा. एकट्या बाईमाणसाने राहायचं कुठे, म्हणून पाटलांनी आपल्या घराची पुढची खोली दिली. पाटलीणबाई चांगल्या होत्या. पहिल्याच दिवशी भाकरी वाढताना म्हणाल्या, 'मायबाई, इतकी शिकली अन् आमच्या पोट्ट्याइचे शेंबूड पुसाले आली? काऊन वं, घरी भांडण झालं का?' मी म्हटलं, नाही, मीच मागून घेतली. त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, 'घे आयक. मागून घेतली म्हंते.'

माझ्या आधीचे गुरुजी वीस वर्षं त्या शाळेत होते. त्यांची शाळा आवाजाची होती. एक मुलगा उभा राहून ओरडायचा, बाकीची सगळी त्याच्या मागून ओरडायची, पाढे असोत की धडे. वावरात निंदणाऱ्या बायांना तो आवाज जायचा आणि त्यांना बरं वाटायचं, पोरं शिकताहेत म्हणून. मी चौथीच्या मुलांपुढे पट्टी ठेवली. दहांपैकी दहा जण बोलत होते. एकालाही खिडकीतला शब्द वाचता आला नाही. मी त्या दिवसापासून ओरडणं बंद केलं. पंधरा दिवसांत पाटील ओट्यावर येऊन टेकले. 'बाई, राग नोका मानू. पन शाया चालू हाये का बंद? वावरात काईच आयकू येत नाई. लोकं इचारून राह्यले, बाई पोट्ट्याइले झोपवते का काय?' मुलं हसली, मीही हसले. म्हटलं, मुलं वाचताहेत. पाटील म्हणाले, 'वाचून राह्यले तं आवाज काऊन येत नाई?' त्यांना मी मनातल्या मनात वाचणं म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी मान हलवली आणि जाताना चौथीतल्या आपल्या मुलीला म्हणाले, 'घरी आल्यावर मले मोठ्यानं वाचून दाखव वं.'

चौथीत दहा मुलं आणि पुस्तकं दोन. म्हणून मी रिंगण केलं. मला त्याचा फार अभिमान होता. एका पुस्तकाभोवती सहा जण, दुसऱ्याभोवती चार जण. एक जण वाचेल, बाकीचे डोळ्यांनी त्याच्याबरोबर जातील, पान संपलं की पुस्तक मिटायचं आणि दुसऱ्याने सांगायचं, काय झालं. रोज अर्धा तास, कुणी तपासत नाही, कुणी मारत नाही. पहिले दोन महिने काहीच होईना. तिसऱ्या महिन्यात एक दिवस घंटा झाली तरी एक रिंगण उठेना, कारण नदीच्या धड्यात नावेचं काय झालं ते कळायचं होतं. त्या संध्याकाळी मी पाटलांच्या खोलीत एकटीच बसून रडले, आनंदाने. तुम्ही हव्या होतात असं वाटलं.

सहा जणांच्या रिंगणातलं पुस्तक पाटलांच्या मुलीचं होतं. ती मध्ये बसायची, पुस्तक तिच्या पुढ्यात, तिच्या दोन्ही हातांना दोघं दोघं. सहावी मुलगी समोर, पुस्तकाच्या डोक्याकडच्या बाजूला. ती गावाबाहेरच्या वस्तीतली होती. चौथीपर्यंत आलेली त्या वस्तीतली ती एकटीच, वय बारा, कारण मध्ये दोन वर्षं कापूस वेचणीला जायची म्हणून शाळा सुटली होती. गुरुजींच्या वेळी ती दाराबाहेर ओट्यावर बसत असे. मी तिला आत आणलं, रिंगणात बसवलं. मला वाटलं, झालं, मी केलं ते. कडेवर धाकटी बहीण घेऊन यायची, तिला मांडीवर झोपवायची आणि वाचायची. बाई, त्या दहांमध्ये खरं वाचणारी तीच होती. तिच्या आवाजात पूर्णविराम ऐकू यायचा. पुस्तक मिटल्यावर सांगायला लागली की बाकीची मुलं आपापली वाक्यं विसरून तिच्याकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, 'बाई, नाववाला खोटं बोलून राह्यला, पन पुस्तकात तसं लिव्हलं नाई. मले तेच्या बोलन्यावरून समजलं.' एवढं मला बी. ए.लासुद्धा कुणी नीट शिकवलं नव्हतं.

तिची आई पाटलांच्याच वावरात कामाला होती. त्या वस्तीत तेव्हा जो तो दुसऱ्याला सांगत होता, शिकवा, पोरींनाही शिकवा. बाप मात्र म्हणत होता, पोरगी बारा वर्षांची झाली, स्थळ आलं आहे, उन्हाळ्यात उरकून टाकू. बुलढाण्याला मुलींचं एक वसतिगृह होतं, राहणं-जेवण सगळं तिथे, पाचवीपासून. तपासणीला साहेब येतील तेव्हा ते चौथीतल्या एका मुलीची शिफारस करणार, असं कागदाने कळवलं होतं. अट एकच, वाचन चांगलं हवं. मी तिच्या आईला सांगितलं. आईने नवऱ्याशी भांडून एवढं कबूल करून घेतलं होतं की साहेबांनी पोरीचं नाव लिहून नेलं तर स्थळ परत पाठवायचं. रोज वावरातून जाताना ती शाळेच्या दाराशी थांबायची आणि विचारायची, 'बाई, येईन ना वं माह्या पोरीले?' मी रोज सांगायची, 'तिला नाही आलं तर कुणाला येणार?'

साहेब माघात आले. उंद्रीला बैलगाडी पाठवली होती पाटलांनी. ओट्यावर सतरंजी, खुर्ची, पाण्याचा तांब्या. मी मुलांना सांगितलं होतं, घाबरू नका, ते काही वेगळं विचारणार नाहीत. साहेब वाईट माणूस नव्हते. थकलेले होते, त्या दिवसातली ती त्यांची तिसरी शाळा होती. त्यांनी पाटलांच्या मुलीचं पुस्तक मागून घेतलं, नदीचा धडा काढला आणि शिफारशीसाठी कोण असं विचारलं. मी तिला पुढे केलं. ती धुतलेल्या परकरात आली होती, केसांना तेल. तिची आई आणि आणखी चार बाया ओट्याखाली बाभळीपाशी उभ्या होत्या. साहेबांनी पुस्तक उघडून तिच्या हातात दिलं. बाई, ते पुस्तक वर्षभर तिने वाचलं होतं, पण हातात पहिल्यांदा धरत होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग अगदी सरळपणे म्हणाली, 'साहेब, पुस्तक उलटं हाये.' आणि तिने ते उलटं केलं. चित्रातली नाव वर आणि पाणी खाली येतं तसं नव्हे, नाव खाली आणि पाणी वर. आणि वाचायला लागली.

मुलं हसली. पाटीलही हसले. साहेबांनी हात वर केला. 'थांब, थांब. उलटं मी धरलंय की तू?' त्यांनी पुस्तक तिच्या हातातून काढून सरळ केलं. 'आता वाच.' तिला येईना. फळ्यावरची सुटी अक्षरं तिला यायची, पण ओळ अशी या बाजूने तिच्या डोळ्यांनी कधी पाहिलीच नव्हती. ती एकेक अक्षर जोडायला लागली, पहिलीच्या मुलीसारखी. न. दी. च्या. कपाळावर घाम. एकदा तिचे हात आपोआप पुस्तक फिरवू लागले, तर साहेब म्हणाले, 'अगं, सरळ धर!' दोन ओळींनंतर त्यांनी पुस्तक मिटलं. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, 'बाई, ही पाठ केलेलं म्हणत होती. पुस्तक कसं धरावं एवढं तरी शिकवायचं होतं. तुम्ही बी. ए. आहात म्हणे.' मला त्या क्षणी कळलं. वर्षभर ती पलीकडच्या जागेवर बसून अक्षरं जशी दिसत होती तशी वाचायला शिकली होती. मी थिजले, आणि मला काही सुचायच्या आत साहेबांनी शेरा लिहून पाटलांच्या मुलीला वाचायला उभं केलं. तिला थोडंफार आलं. तिचं नावही त्यांनी लिहिलं नाही. कुणाचंच लिहिलं नाही.

संध्याकाळी तिची आई मुलीला घेऊन शाळेत आली. मी दप्तर आवरत होते. आई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. 'बाई, मले निस्तं येक सांगा. माही पोरगी वाचते का नाई?' मी म्हटलं, वाचते. 'पाठ नाई ना तिचं?' मी म्हटलं, नाही, खरंच वाचते, फक्त समोरून वाचायची सवय लागली आहे तिला. ती म्हणाली, 'मंग साहेबाले काऊन नाई सांगतलं तुमी? फिरवू द्या म्हना, मंग आयका. येवढंच तं होतं.' मी म्हटलं, 'मलाही आजच कळलं हो. त्या वेळीच कळलं.' आई म्हणाली, 'असं का.' तिच्या मागे मुलगी उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. आईने पदरातून पाटी काढली, शाळेची पाटी होती, ती उंबऱ्यावर ठेवली. 'ही तुमची,' म्हणाली. वैशाखात मुलीचं लग्न झालं.

पुढच्या वर्षी मी रिंगण फिरतं केलं. रोज प्रत्येकाने, वस्तीतल्या मुलांनीही, एक जागा डावीकडे सरकायचं, म्हणजे पुस्तक प्रत्येकाच्या पुढ्यात येतं आणि पान प्रत्येक जण उलटतो. तिघांच्या घरच्यांनी मुलं काढून घेतली. आठवडा झाला, आणि तिघंही परत आली, कारण घरी बसून ती आयांना त्रास द्यायला लागली होती. एक आठवडा, बाई. सगळी किंमत एवढीच होती. पाटलांनी खोली सोडायला लावली नाही. चार दिवस पाटलीणबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, पाचव्या दिवशी म्हणाल्या, 'भाजी कशी झाली सांगत बी नाई वं?' आणि विषय संपला.

गेल्या उन्हाळ्यात उंद्रीच्या बाजारात ती मला दिसली. कांद्याच्या ढिगापाशी बसली होती, पोट पुढे आलेलं, हातात हिरव्या बांगड्या, तोंड वाळलेलं. मला पाहून उठायला लागली, मी बस म्हटलं. मास्तरीण काय विचारणार, तेच विचारलं, वाचतेस का गं काही? ती हसली. रागाने नाही. म्हणाली, 'पुस्तक कोठचं तिथं बाई?' मग कांदे तागडीत टाकता टाकता म्हणाली, 'अन् समोर धरून बसाले तरी कोन हाये?' मी दोन शेर कांदे घेतले आणि आले. लागत नव्हते.

बाई, इथपर्यंत लिहून मी थांबले होते. पत्र संपलं असं वाटलं होतं. मग सवयीने तुमची पट्टी काढली आणि माझ्याच ओळींवर ठेवून वरून खाली सरकवत गेले, मुलांचं तपासते तसं. साहेबांच्या दिवसाशी आल्यावर खिडकीत 'क्षणी' हा शब्द आला आणि मी तिथे अडले. 'मला त्या क्षणी कळलं.' हे वाक्य मी तिच्या आईला सांगितलं, ट्रेनिंगला भेटलेल्या शिक्षकांना सांगितलं, अण्णांना सांगितलं, आणि आता तुम्हालाही लिहून मोकळी झाले. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं पाठ आहे मला. मी वाचत नाही, मी बोलते आहे.

मला दिवाळीच्या आधीच कळलं होतं. मधल्या सुट्टीत मी खोलीवरून आले तर ती ओट्यावर एकटी होती, बहीण शेजारी झोपलेली. पाटलांच्या मुलीचं पुस्तक जमिनीवर उघडंच राहिलं होतं, त्याला हात न लावता ती वाकून वाचत होती, डोक्याकडच्या बाजूने. मी म्हटलं, अगं इकडून येऊन वाच. ती आली आणि गोंधळली. मी हसले आणि मग हसू थांबलं. सगळं समजलं मला, ती तिथेच का बसते तेही. मी तेव्हापर्यंत समजत होते की ती उशिरा येते म्हणून समोरची जागा तिच्या वाट्याला येते. ती जागा पुस्तकाला हात लागू नये म्हणून होती, मुलांनी आपापसात ठरवलेली, मला न विचारता, घरी जशा जागा ठरलेल्या असतात तशी. दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मी तिला अलीकडे, पाटलांच्या मुलीच्या शेजारी बसवलं. पुस्तक दोघींच्या मांडीवर. पाटलांची मुलगी उठली, पुस्तक घेतलं आणि घरी गेली.

संध्याकाळी पाटील माझ्या खोलीच्या दाराशी आले. चढ्या आवाजात एक शब्द बोलले नाहीत. 'बाई, तिले शिकवा, आमी नाई म्हनलं का? तुमी आत बसवलं, आमी काई बोललो का? पन पुस्तक घरी येते. देवापाशी ठेवते पोरगी. तुमी शिकल्यासवरल्या, तुमाले सांगा लागते का?' मी त्यांच्या खोलीत उभी होते. ताटात त्यांच्या घरची भाजी होती. मला म्हणता आलं असतं, मग रोज एक जण एक जागा सरकेल. मला म्हणता आलं असतं, मी माझ्या पगारातून दुसरं पुस्तक आणते. तेवढा पगार होता माझा. मी म्हटलं, 'बरं.' दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, 'तू आपली तिकडेच बस. तुला येतंच आहे की.' ती म्हणाली, 'हाव बाई.' आणि माघापर्यंत तिकडेच बसली.

म्हणजे त्या दिवशी साहेबांनी पुस्तक तिच्या हातात दिलं तेव्हा ती काय करणार हे ओट्यावरच्या सगळ्यांमध्ये मला एकटीला आधीपासून माहीत होतं. मी थिजले नव्हते. 'साहेब, तिला फिरवून वाचू द्या' हे वाक्य माझ्या तोंडात होतं. पण पुढचा प्रश्न 'असं का?' हा होता, आणि त्याचं उत्तर पाटलांच्या देखत, त्यांच्या सतरंजीवर उभं राहून द्यावं लागलं असतं. आणि आई उंबऱ्याबाहेर उभी राहून मला विचारत होती, मी आजच कळलं म्हणत होते, तेव्हा तिच्या मागे ती मुलगी होती. दिवाळीनंतरचा तो एक दिवस तिला ठाऊक होता. तिने आईला सांगितलं नाही. माती उकरत राहिली. बारा वर्षांच्या मुलीने आपल्या बाईंना सांभाळून घेतलं.

तुमच्याबद्दलही मी विचार करते. तुम्ही मला उंबऱ्याच्या आत कधी घेतलं नाहीत, आणि मी कधी मागितलं नाही. ती रेघ तुम्हीही मोडली नाहीत. पण मधे रेघ असताना पुस्तक कुणाच्या बाजूला तोंड करून ठेवायचं, एवढं तुमच्या हातात होतं, आणि ते तुम्ही केलंत. दोन वर्षं तुम्ही उलटं वाचलंत. माझ्याही हातात एवढंच होतं.

पत्र तुम्हाला जाणार नाही. तुम्हाला लिहायला घेतलं हेच मुळी त्यासाठी, की तुम्ही काही म्हणणार नाही. लिहायला हवं होतं ते त्या मुलीलाच. तिला पत्र वाचता येईल, मोठ्या अक्षरात लिहिलं तर, कुणीही समोर नसलं तरी, नुसतं फिरवून धरून. पत्ताही मला माहीत आहे, उंद्रीला तिच्या सासरच्या गावचं नाव त्याच दिवशी विचारून घेतलं होतं. तिच्यासाठी घेतलेलं पोस्टकार्ड तेव्हापासून माझ्या पेटीत आहे. कोरं आहे.